सहाव्या अल्बममधला ठेका

ताईच्या गाडीत पहिल्यांदा बसणाऱ्या माणसाला ती एकच गोष्ट आधी दाखवायची. तिच्या बाजूलाही एक ब्रेक होता.

"घाबरायचं कारण नाही," ती म्हणायची. "तुम्ही चुकलात तर मी आहे. फक्त जरा लवकर चुका, मला पुढचा क्लास आहे."

ड्रायव्हिंग स्कूलमधली ती सगळ्यात जुनी शिक्षिका. गाडीत बसल्या बसल्या रडणाऱ्यांना, स्टिअरिंगला लोंबकळणाऱ्यांना, नवऱ्याने शिकवायला घेतलं म्हणून कायमची भीती बसलेल्यांना तिच्याकडे पाठवायचे. ती बोलायला फटकळ होती, पण तिच्या हाताखालून गेलेला माणूस गाडी चालवायचाच. बाई पन्नाशीकडे झुकलेली, केस आखूड कापलेले, आणि समोरचा सिग्नल लाल असेल तर बोटं डॅशबोर्डवर सतत काहीतरी वाजवत असायची. शिकणाऱ्यांना वाटायचं, मॅडम वैतागल्यात. मॅडम वैतागलेल्या नसायच्या. मॅडम ड्रमर होत्या.

बँड तसा जुना. मोठ्या कंपन्यांच्या नादी न लागलेला रॉक बँड: गाणी स्वतः लिहायची, स्वतः रेकॉर्ड करायची, मध्यम आकाराच्या हॉलमध्ये वाजवायची. ज्यांना तो माहीत होता त्यांना त्याचं प्रत्येक गाणं तोंडपाठ होतं, आणि ज्यांना माहीत नव्हता त्यांना तो अजिबात माहीत नव्हता. माणसं चारच. गायचा तो ताईचा धाकटा भाऊ. बास वाजवायचा तो त्यांचा मामा, आईचा शेंडेफळ भाऊ, ताईपेक्षा जेमतेम सहा वर्षांनी मोठा. पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासायची नोकरी करायचा आणि स्टेजवरही तपासणीला आल्यासारखाच उभा राहायचा. गिटारवर लांब्या. तो शाळेत भूगोल शिकवायचा, आणि दारातून वाकून आत येण्याची सवय इतकी की उंच दारातूनही वाकूनच यायचा. धाकट्याने एकदा माइकवर "ताई, जरा पाणी दे गं" म्हटलं, तेव्हापासून समोरची सगळी गर्दीही तिला ताईच म्हणू लागली. तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा.

सुरुवात झाली ती वडिलांच्या रंगाच्या दुकानामागच्या गोदामात. मामाने एका बंद पडलेल्या हॉटेलातून जुना ड्रमसेट उचलून आणला होता, आणि धाकट्याचे हात तेव्हा पुरत नव्हते म्हणून ताईला बसवलं होतं. तिने पहिल्याच दिवशी असा काही दणका लावला की दुकानात बाबांचं गिऱ्हाईक पिवळा मागायचा विसरून हिरवा घेऊन गेलं. बाबा आत आले आणि म्हणाले, "चालू दे, पण दुपारी दोन ते चार. तेव्हा गिऱ्हाईक नसतं." बँडची पहिली गाणी त्या दोन ते चारमध्ये झाली, म्हणूनच की काय, सगळी सुसाट होती. तीन अल्बम तसेच गेले. लोक उड्या मारायचे, ताई त्यांना आणखी उडवायची. शेवटच्या कडव्याला तिचा वेग वाढला की गर्दी वेडी व्हायची. तो बँडचा खास ठसा आहे असंही कुणीतरी छापून आणलं होतं.

मग माणसं मोठी झाली. चौथ्या-पाचव्या अल्बमात धाकट्याची गाणी हळूहळू निवत गेली. पाचवा आला आणि पुढच्या हिवाळ्यात बाबा गेले. दुकान चालवायला कुणी नव्हतं. भावंडांनी मिळून ते रिकामं केलं, चावी नव्या मालकाला दिली, आणि धाकटा काही महिने कुणाशी फारसा बोलला नाही. बोलायला लागला तेव्हा त्याच्याकडे नऊ गाणी होती. त्यातली चार फारच संथ. शेवटचं तर दुकान रिकामं करण्यावरच होतं.

हा सहावा अल्बम नीट करायचा असं ठरलं. आजवर सगळं गोदामात, घरात, एकदा तर लांब्याच्या शाळेच्या प्रयोगशाळेत रेकॉर्ड झालेलं. या वेळी खरा स्टुडिओ घेतला आणि सोबत एक तरुण निर्माताही. त्याच्या गळ्यात हेडफोन कायम अडकवलेला असे, त्यामुळे मामाने त्याचं नावच हेडफोन ठेवलं. मुलगा हुशार होता, बोलायला गोड, कानाचा पक्का. त्याची पद्धत अशी की प्रत्येकाने काचेच्या खोलीत एकेकटं बसून वाजवायचं, कानात टिकटिक करणारं यंत्र लावून, म्हणजे सगळ्यांचा वेग एक राहतो आणि नंतर तुकडे जुळवता येतात. ताईने आपलं काम भराभर संपवलं. स्वतःवर खूश होऊन, काठ्या पिशवीत टाकून ती क्लासला निघूनही गेली. बाकीच्यांचं काम पुढे बरेच आठवडे चालू होतं.

एक दिवस धाकट्याने फोनवर गाणी पाठवली. कच्ची जुळवणी आहे, ऐकून सांग, म्हणाला.

तेव्हा ताईच्या शेजारी एक दाताच्या डॉक्टरीणबाई गाडी शिकत होत्या. लोकांच्या तोंडात यंत्रं घालताना न डगमगणारी ही बाई चौक दिसला की हातपाय गाळायची. ताईने तिला मोकळ्या रस्त्याला लावलं आणि गाणी सुरू केली.

"तुम्हीच वाजवताय ना हे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हो."

"छान आहे हो! किती एकसारखं."

ताईलाही छान वाटत होतं. दुसऱ्या संथ गाण्यापर्यंत तिला खरोखरच वाटत होतं की आपण इतकं चांगलं आयुष्यात वाजवलेलं नाही. तिने तो तुकडा परत लावला. त्यात एका ठिकाणी तिची काठी ड्रमच्या लोखंडी कडेवर आपटली होती, तिला पक्कं आठवत होतं, कारण अंगठ्याला झिणझिण्या आल्या होत्या. तो आवाज नव्हता. काढला असेल, असतात अशा युक्त्या. तिने तिसऱ्यांदा ऐकलं. प्रत्येक ठोका मागच्यासारखाच, तेवढाच मोठा, तेवढाच लांब. माणूस दमतो, सावरतो, खुर्चीवर जरा सरकतो. यातलं काहीच त्यात घडत नव्हतं.

"मॅडम, डावीकडे वळू का?" डॉक्टरीणबाई विचारत होत्या. "मॅडम?"

"ही मी नाहीये," ताई म्हणाली.

"मग वळू की नको?"

ताईने स्वतःच्या बाजूचा ब्रेक दाबला.

रविवारी सराव असे. एका फर्निचरवाल्याच्या दुकानावर त्यांनी मोठी खोली घेतली होती. खाली सोफे, वर बँड. ताई नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी पोहोचली, पण ड्रमवर न बसता दाराजवळच्या स्टुलावर बसली. एकेक जण आला. तिला तिथे बसलेली पाहून एकेकाचा चेहरा उतरला, आणि त्यावरूनच तिला कळलं की सगळ्यांना माहीत आहे.

"कुणी ठरवलं?" तिने विचारलं.

लांब्या खिडकीबाहेर बघू लागला. मामाने बासची पिशवी उघडली आणि परत बंद केली.

"ताई, ऐक," धाकटा म्हणाला. "नऊपैकी चारच गाणी. बाकी पाच तूच आहेस. हेडफोनने नुसतं करून दाखवलं होतं, तुझ्या जागी ड्रम वाजवणारं मशीन लावून कसं वाटेल ते. आणि मग..."

"आणि मग बरं वाटलं."

"हो."

"मला सांगणार कधी होतास? कव्हर छापून झाल्यावर?"

"मी सांगणार होतो गं. जमलं नाही."

"काय वाईट होतं माझ्यात, ते तरी सांग आता."

धाकट्याने मान वर केली. तो खोटं बोलायला कच्चा होता, लहानपणापासून. "तू पळतेस," तो म्हणाला. "कानात टिकटिक असूनही पळतेस. मला ओळ संपवायची असते आणि तू पुढे दार उघडून उभी असतेस. मला तिथे घाई नकोय, ताई. या गाण्यांत तरी नकोय."

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला होता.  तिने मामाकडे बघितलं.

"तुझं काय म्हणणं आहे, मामा?"

मामाने बासची पिशवी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "पळतेस खरी. पण तुला सांगायला हवं होतं. माझी जीभ कुठे गेली होती कोण जाणे."

त्या दिवशी सराव झाला नाही. ताई घरी गेली. तिचा नवरा काचा कापायच्या दुकानात होता आणि संगीतातलं त्याला ओ की ठो कळत नसे. लग्नाआधी एकदा टाळ्या वाजवायला गेला तर शेजारचे त्याला थांबवायला लागले होते. तिने त्याला दोन्ही तुकडे ऐकवले, मशीनचा आणि जुन्या एका कार्यक्रमातला स्वतःचा.

"मला दोन्ही सारखेच वाटतात," तो म्हणाला. मग तिचा चेहरा बघून घाईघाईने, "म्हणजे तुझा जास्त चांगला."

"राहू दे," ती म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली. पण हसून झाल्यावर बसून राहिली. मशीनचा राग येणं सोपं होतं. भावाचा तर आणखी सोपं. पण तो म्हणाला ते खरं आहे का, हे तिने अजून तपासलं नव्हतं. कुणी गाडी ठोकून आला की ती आधी विचारायची, तुमचा पाय कुठे होता ते सांगा. दोष कुणाचा ते मागाहून.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सरळ स्टुडिओत गेली. हेडफोन एकटाच होता. तिला पाहून तो उभा राहिला.

"ताई, मी सॉरी म्हणणारच होतो."

"ते नंतर म्हण. मी वाजवलेलं आहे ना अजून? पुसलं नाहीस ना?"

"नाही, सगळं आहे."

"लाव. नुसते ड्रम. गाणं नको, बाकी काही नको."

काचेपलीकडच्या खोलीत खुर्ची ओढून ती बसली आणि त्याने चारही गाण्यांतले तिचे ड्रम लावले. नुसते ड्रम ऐकणं म्हणजे स्वतःला पाठमोरं चालताना बघणं. पहिल्या गाण्यात सुरुवातीला ती ठीक होती, दुसऱ्या ओळीपासून पुढे सरकू लागली. जिथे दोन ठोक्यांमध्ये मोठी मोकळी जागा होती, तिथे ती दर वेळी लवकर येत होती. थोडीशीच. टिकटिक तिला मागे ओढायची, ती परत पुढे जायची. शेवटच्या, दुकानाच्या गाण्यात तर तिला स्वतःलाच ऐकवेना. एखाद्या माणसाला सामान उचलून लवकर घराबाहेर पडायचं असावं, तसं ते वाजलं होतं.

"बंद कर," ती म्हणाली. "माझ्या भावाचं बरोबर आहे."

हेडफोनने सुटकेचा श्वास सोडला. "मग मशीनच ठेवू या ना? कुणाला कळणार नाही, खरंच सांगतो."

"मला कळलं," ती म्हणाली. "आणि मशीन नाही ठेवायचं. मी परत वाजवणार."

संध्याकाळी तिने धाकट्याला फोन केला. अल्बमची तारीख जाहीर झाली होती, पोस्टर छापायला गेलं होतं. धाकटा तेच सांगू लागला.

"तारीख पुढे ढकल," ती म्हणाली.

"अगं, असं कसं?"

"तू मला पळतेस म्हणालास. मी ऐकलं, मान्य केलं. आता मी म्हणते थांब, तर तू मान्य कर. मला शिकायला वेळ दे. नाही जमलं तर मी स्वतः येऊन सांगेन, मशीन लाव म्हणून. पण त्याच्या आधी या बँडच्या अल्बमवर दुसरं कुणी वाजवणार नाही. ते मशीन असो नाहीतर माणूस."

 मग पलीकडून मामाचा आवाज आला. तो तिथेच बसला होता. "ढकलू," मामा म्हणाला. "पोस्टरवर कागद चिकटवू."

ताई कामाला लागली. ड्रायव्हिंग स्कूलच्या मागे, जिथे नादुरुस्त गाड्या उभ्या करत, तिथे तिने रबराच्या सरावाच्या चकत्या मांडल्या. सकाळच्या पहिल्या क्लासआधी ती तिथे बसायची. टिकटिकीचा वेग इतका कमी ठेवायची की दोन टिकांच्या मध्ये गाडी रिव्हर्स घेऊन झाली असती. पहिल्या आठवड्यात तिला अक्षरशः चीड आली. हात जायला निघायचे, तिने थांबवायचं, थांबवताना खांदे आखडायचे, आणि आखडलेल्या खांद्यांनी ठोका मेल्यासारखा पडायचा. तिने खुर्ची खाली केली. काठ्या बदलल्या. मधली मोकळी जागा मनात मोजून पाहिली, तर तिला आकडेच ऐकू यायला लागले, गाणं हरवलं. मग मोजणं सोडून ती धाकट्याची ओळ पुटपुटत वाजवू लागली, तेव्हा कुठे जरा जागेवर यायला लागली. बोनेटवर फोन ठेवून स्वतःला रेकॉर्ड करायची आणि डबा खाताना ऐकायची. रोज वाईट वाजायचं. तेवढंच की वाईटाची जागा बदलत होती.

"सोडून दे ना," नवरा एकदा म्हणाला. तिच्या मनगटाला तो बर्फ लावत होता. "पाच गाण्यांत आहेसच की तू."

"पाचात आहे म्हणून चारांत नको? तू खिडकीला पाच काचा लावून चार तावदानं उघडी सोडतोस?"

"गिऱ्हाईक तसं म्हणालं तर सोडतो," तो म्हणाला, मग बर्फ दुसऱ्या बाजूला फिरवून म्हणाला, "नाही सोडत. बरं, हात सरळ कर."

मग पहिली परीक्षा झाली. स्टुडिओची मुदत संपली होती, म्हणून हेडफोनने आपलं सामान फर्निचरच्या दुकानावरच्या खोलीत आणलं. रविवार असल्यामुळे खाली शांतता होती. ताई एका कानात टिकटिक लावून बसली, धाकट्याचं गाणं दुसऱ्या कानात. आणि ती पळाली. ड्रायव्हिंग स्कूलच्या मागे जमलेलं सगळं हवेत विरून गेलं. तीनदा वाजवलं, तिन्ही वेळा तेच. चौथ्यांदा पळाली नाही, पण असं वाजलं की तिनेच मान हलवली.

लांब्या गिटारची वायर गुंडाळू लागला, मामा खिडकी लावायला गेला. कुणी चूक काढली नाही हेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

"पुढच्या रविवारी परत," ती काठ्या पिशवीत ठेवत म्हणाली.

"ताई..." धाकट्याने सुरुवात केली.

"पुढच्या रविवारी परत, म्हटलं ना."

त्या आठवड्यात ती सरावाला बसली, पण जास्त वेळ नुसता विचार करत होती. आपण टिकटिकीशी भांडतो, हे तिला उमगलं. कानात कुणीतरी सतत बजावत असलं की तिला त्याला मागे टाकावंसं वाटतं. आपल्या बाजूच्या ब्रेकची आठवण करून दिली की काही शिकाऊ जसे जास्तच गोंधळतात तसं. आणि दुसरं, ती एकटी होती. इतकी वर्षं तिने कधी एकटीने ड्रम वाजवलेच नव्हते. मामाच्या हाताकडे बघत, धाकट्याच्या पाठीकडे बघत वाजवले होते.

रविवारी तिने आल्या आल्या सांगितलं, "टिकटिक नको. सगळे एका खोलीत, एकदम वाजवू. गाणंसुद्धा तेव्हाच म्हणायचं."

हेडफोनने कपाळावर हात मारला. "ताई, सगळ्यांचे आवाज एकमेकांच्या माइकमध्ये शिरतील. मग कुणाचं चुकलं तर मला नंतर काहीच दुरुस्त करता येणार नाही."

"तेच हवंय," ती म्हणाली.

लांब्या इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने हसला. "चला, परीक्षा सगळ्यांचीच आहे तर."

मामा ड्रमच्या अगदी शेजारी येऊन उभा राहिला. धाकटा पाठ करून उभा होता, तर ताईने त्याला फिरवलं. "माझ्याकडे तोंड कर. तुझं तोंड दिसलं नाही तर मला कळणार कसं तुझी ओळ कुठे संपते?"

आधी चारांतलं पहिलं गाणं घेतलं; पहिल्या दोन वेळा सगळेच बिचकत वाजवत होते. तिसऱ्या वेळी गाणं लागलं. पहिलं कडवं शांतपणे गेलं. दुसऱ्या कडव्यात एक ओळ होती, बाबांच्या हाताला कायम असलेल्या रंगाच्या डागांची. ती ओळ आली आणि धाकटा पळाला. त्याचा आवाज पुढे निघाला, श्वास न घेता, पुढची ओळ आत्ताच संपवून टाकायची असल्यासारखा. लांब्याची बोटं त्याच्या मागे जाऊ लागली.

ताई गेली नाही. तिने ठोका होता तिथेच ठेवला. हात पुढे धावले नाहीत की खांदे आखडले नाहीत. धाकट्याकडे बघत ती आपल्या जागी थांबली, मामा तिच्या पायाबरोबर थांबला, आणि अर्धी ओळ गाणं दोन ठिकाणी वाजत राहिलं. मग धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. त्याने श्वास घेतला. पुढचा शब्द तो बरोबर तिच्या ठोक्यावर ठेवून गेला, आणि तिथून शेवटपर्यंत कुणीही कुठे घाई केली नाही.

शेवटचा आवाज विरेपर्यंत कुणी हललं नाही. मग रेकॉर्डिंग थांबवल्याची हेडफोनने बोटाने खूण केली.

"मधे माझं चुकलं," धाकटा म्हणाला. "परत घेऊ."

"नाही," हेडफोन म्हणाला. त्याने गळ्यातला हेडफोन काढून मांडीवर ठेवला होता. "हेच राहू दे. प्लीज, याला कुणी हात लावू नका."

त्या दिवशी आणखी एक गाणं झालं, पुढच्या रविवारी तिसरं. राहिलं ते दुकानाचं गाणं. त्याला मात्र वेळ लागला. ताईने ते किती वेळा वाजवलं याची गणती नव्हती. दर वेळी कुठेतरी अडायचं. एका दुपारी वाजवून झाल्यावर बाकीचे खाली हवा खायला गेले आणि भावंडं दोघंच उरली.

"या गाण्यात मला थांबवत नाही रे," ती म्हणाली. "बाकीच्यांचं कळलं मला, ती सवय होती. हे तसं नाही. त्या दिवशी आपण डबे उचलत होतो ना, तेव्हाही मला एकच वाटत होतं, कधी एकदा शटर खाली ओढतो."

"मी बघत होतो," धाकटा म्हणाला. "तू दोन-दोन डबे एकदम नेत होतीस. मला राग आला होता तुझा."

"मग बोलला का नाहीस?"

"तू रडशील असं वाटलं."

"रडले असते तर काय आभाळ कोसळलं असतं?" ती म्हणाली, आणि मग खरंच थोडी रडली, नाक पुसलं, आणि म्हणाली, "बोलव त्यांना वर."

त्या वेळी ते गाणं नीट झालं. ठोका जिथे हवा तिथे, मोकळी जागा जिथे हवी तिथे. हेडफोन खुर्चीतून उठला, लांब्याने तिच्या पाठीवर थाप मारली. सगळ्यांनी मिळून ऐकलं. ताईने डोळे मिटून ऐकलं, पुन्हा एकदा लावायला सांगितलं, आणि म्हणाली, "माझे ड्रम काढ यातून."

"काय?" हेडफोन ओरडलाच. "आता तर अगदी जमलंय!"

"म्हणून तर सांगते. जमलं नसतं तर हट्ट धरून बसले असते. आता मला नीट ऐकू येतंय. याला ठेका नकोच आहे. नुसती गिटार आणि धाकट्याचा आवाज. मामा, तुझा बासही शेवटच्या कडव्यालाच येऊ दे."

"पण तू इतके दिवस..." धाकटा म्हणाला.

"इतके दिवस मी शिकत होते. शिकलेलं कुठे जात नाही. हे गाणं परत करा तुम्ही तिघं, मी तिकडे बसते."

आणि ती खरंच दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसली, काठ्या मांडीवर आडव्या ठेवून. तिघांनी ते गाणं केलं. अल्बममध्ये ते शेवटी आहे, आणि त्यात ड्रम नाहीत.

अल्बम ठरलेल्या तारखेच्या बऱ्याच नंतर आला. लोकांची मतं मिश्र होती. एकाने लिहिलं, बँड म्हातारा झाला. एकाने लिहिलं, पहिल्यांदाच ड्रम ऐकू आले. काही जुन्या चाहत्यांनी विचारलं, आमची धावती ताई कुठे गेली? ताईने कुणालाच उत्तर दिलं नाही. तिने फक्त बँडमध्ये एक नियम घालून दिला: कुणाचंही वाजवलेलं बदलायचं असेल तर तो माणूस खोलीत हजर हवा. धाकट्याने मान्य केलं. त्यांचं पुन्हा सुरळीत व्हायला मात्र वेळ लागला. माफी तिने ऐकून घेतली, पण काही महिने ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. "राग गेलाय," ती मामाला म्हणाली, "पण जरा हळूहळू जाऊ दे. मला आता जमतं ते."

हेडफोनशी तिची चांगलीच गट्टी जमली. त्याला गाडी येत नव्हती. तिने त्याला शिकवायला घेतलं आणि त्याच्या क्लचवरून त्याला यथेच्छ बोलली. तो म्हणतो, स्टुडिओत कुणी इतकं बोललं नव्हतं.

आता सातव्याची जुळवाजुळव चालू आहे. या खेपेला ताईनेही एक गाणं लिहिलंय, तिचं पहिलंच. भयंकर वेगवान आहे. लांब्याची बोटं दुखतात, मामा मधेच थांबून पाणी पितो, आणि धाकट्याचं म्हणणं आहे की एवढ्या वेगात शब्द कुणाच्या तोंडात मावायचे नाहीत. ताईने ते तीन रविवार शांतपणे ऐकून घेतलं. वेग एक टीकही कमी करायचा नाही, असं तिने सांगून टाकलंय.